पार्किन्सन्स असलेल्या वडिलांना संध्याकाळी घरात लहान मुलं दिसू लागली आहेत. त्यांना वेड लागतंय का?

नाही. पार्किन्सन्समध्ये असे भास बऱ्याच जणांना होतात, आजार जुना झाला की जास्तच. घरातले बाहेरची बाधा म्हणताहेत असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून त्या नादाला लागू नका, आधी लघवी तपासून घ्या. आठवडाभरातच हे सुरू झालं असेल तर लघवीतलं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, बद्धकोष्ठता यातलं काहीही कारण असू शकतं.

माझ्या आईला खुर्चीत दोन मुली दिसायच्या. तिला त्यांची भीती नव्हती, उलट त्यांच्यासाठी ती बशीत पोहे काढून ठेवायची. 'कोणी नाहीये गं तिथे' म्हणून हुज्जत घातली की मात्र बिथरायची. मग मी एवढंच म्हणायचे, 'मला नाही दिसत त्या, पण मी आहे ना इथे.' दिवेलागणीच्या आधीच हॉलमध्ये लख्ख दिवा लावायचे, खुंटीवरचे कपडे आत ठेवायचे. अंधुक उजेडात लटकता शर्टसुद्धा माणूस होतो. वडिलांना मोतीबिंदू असेल तर तेही बघा, नजर अधू असली की भास वाढतात.

खरी गोम बहुतेकदा गोळ्यांत असते. पॅसिटेन, अमँटाडिन, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यातलं काही चालू आहे का? नुकता डोस वाढवलाय का? लघवीसाठी, झोपेसाठी, सर्दीसाठी घेतलेल्या गोळ्याही न्यूरोलॉजिस्टना दाखवा. काय कमी करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध, सिंडोपा वगैरे) मनाने एकदम बंद केलं तर अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढू शकतो, जिवावरही बेतू शकतं.

एवढं करूनही भास त्रास देत राहिले तर डॉक्टर सहसा क्वेटियापिन कमी डोसमध्ये देतात. क्लोझापिन जास्त गुणकारी आहे, पण त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी वारंवार करावी लागते.

भास किंवा बिथरणं शमवायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल मात्र अजिबात नको. रिस्पेरिडोन, ओलान्झापिनही नको. उलटीसाठी सर्रास दिली जाणारी पेरिनॉर्म आणि स्टेमेटिलसुद्धा टाळायची, या सगळ्यांनी पार्किन्सन्स बळावतो. ही नावं फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवा आणि रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत न्यायची वेळ आली तर इंजेक्शन भरायच्या आधी तिथल्या डॉक्टरांपुढे ते पान धरा.