छोट्या बोटीला आउटबोर्ड मोटर किती उंचीवर बसवावी?

पंख्याच्या लगेच वर आडवी, चपटी प्लेट असते ना, अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर ठेवा. तळाला लांब सरळ पट्टी लावून मोजा, नजरेवर जाऊ नका. मग सुकाणू दुसऱ्याकडे देऊन वेगात बघा: पाणी प्लेटला चाटून जायला हवं. प्लेट खोल बुडून फवारा उडत असेल तर मोटर बसवायच्या पट्टीवरच्या भोकांपैकी एक भोक वर घ्या. वळताना इंजिन किंचाळलं आणि बोट मात्र रेटा घेईना, तर पंखा हवा ओढतोय. एक भोक खाली. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. आणि हो, ट्रान्सम, म्हणजे मोटर जिथे बसते ती बोटीची मागची उभी फळी, २० इंची उंच असेल तर १५ इंची शाफ्टची, म्हणजे तेवढ्याच लांब पायाची, मोटर जमणारच नाही.