ख्रिस हेन्रीचा मेंदू आणि तुमच्या मुलाचं डोकं

मागच्या सदरात सिनसिनाटी बेंगॉल्स संघाच्या, २६ व्या वर्षी गेलेल्या ख्रिस हेन्रीचं नाव मी एका वाक्यात घेतलं होतं. त्या एका वाक्यावर जितकी पत्रं आली तितकी वर्षभर मधुमेहावर आली नाहीत. निम्म्या पत्रांत एकच गोंधळ आहे, की त्याच्या मेंदूत सापडलेल्या आजाराचा त्याच्या वागण्याशी संबंध किती, म्हणून एकत्रच उत्तरं देतो. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेन्री वाइड रिसीव्हर होता, म्हणजे क्वार्टरबॅकने लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा खेळाडू. माझं काम मेंदूविकारांचं आहे, मी खेळाचा समीक्षक नाही. तरी खेळाचे प्रश्न विचारलेत, तर तेही घेतो.

प्रश्न : हेन्री खरोखर एवढा गुणी होता, की अकाली गेला म्हणून लोक गोडवे गातात? (पुणे)

गुणी होता. बेंगॉल्सने २००५ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. पहिल्या दोन मोसमांत त्याने ६७ झेल घेतले आणि त्यांतले १५ टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे, होते. २००६ मध्ये तर ३६ झेलांत ९ टचडाउन, म्हणजे चारातला एक झेल थेट गुण देऊन जायचा. उंची, वेग आणि बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू उतरवून घेण्याची हातोटी, तिन्ही त्याच्याकडे होतं. ८ जानेवारी २००६ चा पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना बघा. बेंगॉल्सचा क्वार्टरबॅक कार्सन पामरने सुरुवातीलाच चेंडू लांब फेकला आणि हेन्रीने तो ६६ यार्डांवर नेला. त्याच चालीत पामरचा गुडघा फुटला आणि हेन्रीचाही दुखावला. पंधरा वर्षांनी बाद फेरीत आलेल्या संघाचा दिवस तिथेच संपला.

पण पाच मोसमांत मिळून त्याचे ११९ झेल, १,८२६ यार्ड आणि २१ टचडाउन. सर्वाधिक झेलांचा विक्रम असलेल्या जेरी राइसचे झेल १,५४९ आहेत. ‘काय होऊ शकलं असतं’ याचा हिशेब कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

प्रश्न : मैदानाबाहेरच्या भानगडींमुळे हॉल ऑफ फेमचा दरवाजा बंद होतो का? (एडिसन, न्यू जर्सी)

नियमाने नाही. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, निवड करणाऱ्यांनी मैदानावरचीच कामगिरी बघायची असते. वाइड रिसीव्हर मायकल आयर्विनवर १९९६ मध्ये कोकेनचा खटला झाला, तरी २००७ मध्ये तो आत गेला. ओ. जे. सिम्प्सनला १९८५ मध्ये घेतलं होतं, पुढे त्याच्यावर खुनाचा खटला चालला त्यानंतरही त्याचा पुतळा हलला नाही. वाइड रिसीव्हर टेरेल ओवेन्सला मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवलं. त्याच्यावर गुन्हा नव्हता, त्याचा स्वभाव मतदारांना सोसत नव्हता एवढंच. यातून काय ते समजा. हेन्रीचा प्रश्न तिथपर्यंत पोचतच नाही, आकडे पुरत नाहीत.

प्रश्न : हेन्रीच्या मेंदूत आजार सापडला असं वाचलं. मग गांजा, पिस्तूल, मारामारी या सगळ्याचा दोष त्याला देणं चूक नाही का? माझे यजमान म्हणतात की ही पळवाट आहे. घरात यावरून वाद आहे. (कोलंबस, ओहायो)

तुम्ही दोघंही घाई करताय.

काय घडलं ते आधी सांगतो. गांजा बाळगणं, बेकायदा पिस्तूल, अल्पवयीन मुलींना दारू पुरवणं अशा प्रकरणांत तो अडकत गेला. लीगने, म्हणजे अमेरिकेतला व्यावसायिक फुटबॉल चालवणाऱ्या एनएफएलने, २००६ मध्ये दोन, २००७ मध्ये आठ आणि २००८ मध्ये चार सामने त्याला बाहेर बसवलं. २००८ च्या एप्रिलमध्ये बेंगॉल्सने काढून टाकलं आणि ऑगस्टमध्ये मालक माइक ब्राउन यांनी परत घेतलं. नंतर तो सावरत होता असं बरोबरचे सांगतात. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये हात मोडला, मोसम संपला. १६ डिसेंबरला शार्लट शहरात घरगुती भांडणानंतर तो निघालेल्या पिकअपच्या मागच्या हौद्यात चढला, तिथून रस्त्यावर पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय २६.

त्याच्या आईने अवयवदानाला होकार दिला, चार जणांना त्याचे अवयव मिळाले. मेंदू तपासायलाही तिने परवानगी दिली. वेस्ट व्हर्जिनियातल्या ज्युलियन बेल्स आणि बेनेट ओमालू यांनी तो तपासला आणि जून २०१० मध्ये जाहीर केलं की त्यात सीटीई आहे. सीटीई म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या मारातून होणारा मेंदूचा झिजविकार. खेळत असतानाच्या काळात वारलेल्या एनएफएल खेळाडूत तो पहिल्यांदाच सापडला होता.

हा आजार दिसतो कसा, ते सांगतो. असा मेंदू हातात घेतला तर सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा धडधाकट वाटतो. पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून टाऊ नावाच्या प्रथिनाचे तपकिरी डाग दिसतात. तसे डाग हेन्रीच्या मेंदूत होते. एवढंच सिद्ध आहे. या डागाने पिस्तूल उचलायला लावलं आणि त्या डागाने दारू पाजली, असं काच बघून सांगणारा डॉक्टर मला दाखवा, मी त्याची पदवी तपासायला पाठवतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की आवर सुटतो, राग लवकर येतो, हे खरं. पण बावीस वर्षांच्या, हातात अचानक पैसा आलेल्या मुलाचाही आवर सुटतो आणि त्याला सीटीई लागत नाही. कशाचा वाटा किती, हे आता कोणीच काढू शकत नाही. तेव्हा यजमानांची ‘पळवाट’ही नको आणि तुमची ‘निर्दोष सुटका’ही नको. ज्यांना त्याचा त्रास झाला त्यांचा त्रास खरा होता, आणि डागही खरे होते.

मला झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. हेन्रीच्या नावावर कन्कशनची, म्हणजे डोक्याला हादरा बसल्याची, एकही नोंद नव्हती. ना कॉलेजात, ना लीगमध्ये. ‘काही नाही झालं, उठला की लगेच’ असे जे शेकडो मार असतात, ते कुठल्याच कागदावर येत नाहीत. भांडायचंच असेल तर यावर भांडा.

प्रश्न : स्टीलर्सकडून खेळलेल्या अँटोनिओ ब्राउनला सीटीई आहे हे उघड नाही का? २०१६ च्या बाद फेरीत त्याच्या डोक्याला बसलेली ती टक्कर आणि नंतरचं त्याचं वागणं पाहा. (व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, अनेकांचा)

नाही, उघड नाही. सीटीईचं पक्कं निदान आज फक्त मृत्यूनंतर होतं. जिवंत माणसाचं निदान टीव्हीवरून करू नये. डॉक्टरनेही करू नये आणि ग्रुप अ‍ॅडमिनने तर मुळीच नाही.

प्रश्न : ९९ टक्के फुटबॉलपटूंना सीटीई होतो हे खरं का? (शिकागो)

खोटं. हा आकडा बॉस्टन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासातून उचललेला आहे. तपासलेल्या १११ एनएफएल मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई होता, पण हे मेंदू बहुतेक करून ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी जाणवत होतं त्यांनी दान केलेले. दवाखान्यात रांगेत उभे असलेले मोजून ‘गावातले ९९ टक्के लोक आजारी’ म्हणण्यासारखं ते झालं. जितकी वर्षं खेळ, तितका धोका वाढतो, हे मात्र पक्कं आहे.

प्रश्न : मुलासाठी ‘कन्कशन-प्रूफ’ हेल्मेट आणि खास माउथगार्ड घ्यावं का? दुकानदार मेंदूसाठी एक सप्लिमेंटही देतो. (डॅलस)

हेल्मेट हवंच, नीट बसणारं आणि तडा न गेलेलं. ते कवटी फुटू देत नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो, तो हेल्मेटच्या हातात नाही. माउथगार्ड दातांसाठी आहे. कन्कशन कमी करतो अशी जाहिरात करणाऱ्या ब्रेन-पॅड या माउथगार्ड कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्येच आवर घातला होता. सप्लिमेंटबद्दल तर एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने लोकांना स्पष्ट बजावलं आहे की कन्कशन बरं करणारी अशी कुठलीही गोळी नाही. तरी डबे विकले जातात, कारण घाबरलेले आईबाप किंमत विचारत नाहीत. ते पैसे तपासणीवर घाला.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. मंगळवारी सरावात डोक्याला डोकं आपटलं. बेशुद्ध पडला नाही, उलटी नाही. जरा डोकं दुखतं म्हणतो. कोच म्हणतात ठीक आहे. शुक्रवारी मॅच आहे आणि तो पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरात आहे. खेळू द्यावं का? (सिनसिनाटी)

नाही. पुढचं सावकाश वाचा आणि मुलाच्या बाबांनाही वाचायला द्या.

‘बेशुद्ध पडला नाही’ हे वाक्य आईबाप दवाखान्याच्या दारातच सांगतात, जणू गेट पास आहे. कन्कशन झालेल्यांपैकी बहुसंख्य मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. डोकं दुखणं, उजेड नकोसा होणं, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचणं, चिडचिड, झोपेचा घोळ, यांतलं एकही असलं तरी तपासणी होईपर्यंत कन्कशन धरूनच चालायचं. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नाही, असंही नाही. स्कॅन रक्तस्राव शोधतो, हादरा त्यात दिसत नाही. म्हणून आम्ही मुलाला महिने उलटे म्हणायला लावतो. डिसेंबर, नोव्हेंबर धाडधाड येतात आणि मग ऑगस्टपाशी मुलगा छताकडे बघायला लागतो. एका पावलापुढे दुसरं ठेवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतो. आत्ता डोलतो का, हे आई-बाबांनाही दिसतं, तेव्हा कोचचं ‘ठीक आहे’ आपोआप गळून पडतं.

वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लायस्टेड नावाचा तुमच्या मुलाच्याच वयाचा मुलगा होता. २००६ मध्ये सामन्यात डोकं आपटलं, थोडा वेळ बाहेर बसवलं, पुन्हा आत पाठवलं. सामना संपल्यावर तो कोसळला. जीव वाचला, पण बोलणं-चालणं नव्याने शिकावं लागलं. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला की लहान मेंदू भयंकर सुजू शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं की परत फिरायची वाट नसते. त्याच्या नावाने २००९ मध्ये कायदा झाला आणि २०१४ पर्यंत तसे कायदे पन्नासही राज्यांत आले. तुमच्या ओहायोतही आहे. संशय आला की मुलाला त्या दिवशी बाहेर काढायचं, आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीने लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. कोचचं ‘ठीक आहे’ हे लेखी परवानगीत बसत नाही. बसवायचा प्रयत्न झाला तर शाळेला कळवा.

आता काय करायचं? उद्या नव्हे, आजच बालरोगतज्ज्ञांना फोन करा. पहिले एक-दोन दिवस मोबाइल आणि गृहपाठ बेताने, मग हळूहळू चालणं-फिरणं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडणं जुनं झालं, त्याने मूल आणखी खचतं. आधी शाळा, मग खेळ. खेळाकडे परतीच्या सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला निदान २४ तास, आणि टक्कर होणारा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. हिशेब करा, या शुक्रवारी बसतच नाही. बऱ्याच मुलांना चार आठवडेही लागतात. या काळात डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, झटका आला, एक बाहुली मोठी दिसली किंवा मूल नीट जागं होईना, तर माझं सदर वाचत बसू नका. ९११ फिरवा.

मुलगा रडेल. पहिल्यांदा अकरात आला आहे, रडणारच. त्याला हेन्रीचे झेल दाखवा, शिकण्यासारखे आहेत. त्याच वेळी हेही सांगा की त्या माणसाचं डोकं कधी दुखलं हे कोणी विचारून लिहून ठेवलं नव्हतं. तुमचं मूल दुखतंय म्हणून सांगतंय, ते लिहून ठेवा. तारीख, वेळ, कुठे आपटलं, नंतर काय झालं. डॉक्टरांना त्याचा माझ्या उत्तरापेक्षा जास्त उपयोग होईल.

प्रश्न : आमच्याकडे फुटबॉल नाही, कबड्डी आहे. पुतण्याला डॅश बसला, डोकं मॅटवर आपटलं. हेच नियम का? (सांगली)

हेच. मॅट मऊ असते म्हणून मेंदू आत हलायचा थांबत नाही. त्या दिवशी पुढची रेड नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : डोक्याला लागल्यावर रात्रभर जागं ठेवावं का? (नाशिक)

तपासून झालं असेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर झोपू द्या. तपासलंच नसेल तर झोपेची चर्चा नको, आधी दवाखाना.

प्रश्न : माझे पती कॉलेजात पाच वर्षं फुटबॉल खेळले. आता चाळिशीत विसरतात, चिडतात, रात्री झोप नाही. एनएफएलमधला खेळाडू डिमॅरियस थॉमसबद्दल वाचल्यापासून ते म्हणतात, ‘मलाही तेच आहे, काही उपयोग नाही.’ (अटलांटा)

थॉमस डिसेंबर २०२१ मध्ये ३३ व्या वर्षी गेला आणि नंतर त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, हे खरं. पण ज्या तक्रारी तुम्ही लिहिल्यात त्या झोपेतल्या श्वासाच्या त्रासाने होतात, नैराश्याने होतात, थायरॉइडने, दारूने, औषधांनी होतात. हे सगळं तपासता येतं आणि बहुतेकांवर इलाज आहे. सीटीईच्या भीतीने माणूस हे साधे इलाजही करून घेत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त संताप इथे होतो. ‘काही उपयोग नाही’ हे वाक्य मी हलक्यात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. जगणं नको असं ते बोलले, किंवा तसं वाटत असल्याची शंका जरी आली, तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. अमेरिकेत ९८८ वर रात्री-बेरात्रीही माणूस बोलायला असतो. एरवी याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरची वेळ घ्या, सोबत तुम्ही जा, आणि ते घोरतात का हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. झोपलेल्याला ते ठाऊक नसतं.