जुन्या व्हिनाइलवरच सिरॅमिक टाइल बसवली तर चालेल का?

तुमचा फ्लॅट इंदिरानगरला तळमजल्यावर आहे, हॉलमध्ये जुनं व्हिनाइल आहे आणि मिस्त्री म्हणतोय की ते न काढता वरूनच केमिकलने, म्हणजे टाइल चिकटवायच्या अ‍ॅडहेसिव्हने, टाइल बसवू. मी नाशिकमध्ये फरशीचीच कामं करतो. माझं म्हणणं, असं करू नका. आधी व्हिनाइल काढा.

टाइल कडक असते, खालचा आधार जरासा हलला तरी तिला सोसत नाही. आपल्याकडे घरात अंथरलेलं व्हिनाइल बहुतेक रोलचं, खाली फोम असलेलं असतं. अंगठ्याने दाबून पाहा, दबेल. त्यावर टाइल बसवून कपाट ठेवलं की आधी सांध्यांत भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, सुटतो, मग कोपरे तडकतात आणि फरशी पुसल्याचं पाणी आत जायला लागतं. शिवाय टाइल केमिकलला कितीही घट्ट धरो, ते सगळं शेवटी व्हिनाइलखालच्या जुन्या गोंदावरच उभं राहतं. महागडं केमिकल घेऊन तो गोंद नवा होत नाही. फोम नसलेलं, कडक, एकाच थराचं आणि पूर्ण चिकटलेलं व्हिनाइल असेल तर प्रायमर लावून टाइल बसते, हे खरं. पण तळमजल्यावर मी तेही करणार नाही, कारण व्हिनाइलखाली ओल कोंडते. उन्हाळ्यात पत्ता लागत नाही, आषाढात कडा फुगतात.

काढणं अवघड नाही. कटरने हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडून ओढायच्या, गोंद हीट गनने मऊ करून खरवडायचा. थिनर ओतू नका, गोंद पातळ होऊन फरशीत मुरतो. एकच सावधगिरी: घर १९८० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल आणि खाली नऊ इंची, कडक, ठिसूळ चौकोन निघाले, तर ते खरवडू नका, मशीनने घासूही नका. त्या काळच्या अशा फरशीत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. तिथे काम थांबवून जाणकाराला दाखवा.

खाली मोझॅक किंवा शहाबादी निघेल. प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आत दव धरलं तर आधी ओलीचा बंदोबस्त, टाइल नंतर. मग प्रत्येक फरशी ठोकून पाहा. पोकळ वाजेल ती काढून भरून घ्या. मोझॅक गुळगुळीत असतं, म्हणून टाचे मारायलाच हवेत, म्हणजे छिन्नीने टोचून ते खडबडीत करायला हवं. केमिकल आयएस १५४७७ या भारतीय मानकाचं, ‘टाइलवर टाइल’साठी असं पोत्यावर छापलेलं घ्या. भिंतीलगत ६ ते ८ मिमी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

टाइल आणि केमिकल मिळून फरशी १२ ते १५ मिमी वर येईल. दारं घासतील का, बाथरूमचा उंबरा पुरेसा उरेल का, हे खोके आणण्याआधी मोजा. उंबरा पुरत नसेल तर जुनी फरशीही काढावी लागेल आणि खर्चाचा हिशेब बदलेल.

मिस्त्री तरीही ऐकत नसेल, तर त्याच्यासमोर व्हिनाइलचा एक कोपरा उचला आणि खाली फोम आहे का, ओल आहे का, हे दोघांनी मिळून बघा.