क्युबासारख्या छोट्या, गरीब देशाने स्वतःच्या लशी कशा काय बनवल्या?

सरकारने 1981 पासून जैवतंत्रज्ञानात सातत्याने पैसा ओतला आणि संशोधन, उत्पादन व दवाखाने एकाच साखळीत बांधले, म्हणून. अमेरिकेचे निर्बंध असल्यामुळे बरीच औषधं बाहेरून मिळणं कठीण होतं. ती घरीच बनवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 1981 मध्ये क्युबाचे काही शास्त्रज्ञ फिनलंडमधल्या हेलसिंकीला शास्त्रज्ञ कारी कॅन्टेल यांच्या प्रयोगशाळेत गेले, पांढऱ्या रक्तपेशींपासून इंटरफेरॉन (विषाणूंशी लढणारं प्रथिन) काढायची पद्धत शिकले आणि त्याच वर्षी हवानात ते तयार करू लागले. (कॅन्टेल यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलंच नव्हतं, ही खरी मेहेरबानी!) 1986 मध्ये जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं. पुढची ठळक कामं:

- मेनिंजायटिस बी (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जिवाणूजन्य आजार) वरची लस, 1980 च्या दशकाच्या अखेरीस
- मधुमेहींच्या पायांच्या जखमांसाठी हेबरप्रोट-पी हे औषध
- कोविडवरच्या अब्दाला आणि सोबेराना 02 या लशी, दोन्ही 2021 मध्ये वापरात

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती घरोघरी पोचलेली फॅमिली डॉक्टरची व्यवस्था. चाचणीसाठी माणसं मिळतात, त्यांच्या नोंदी राहतात, लस तयार झाली की ती लगेच टोचलीही जाते.

मात्र एक लक्षात घ्या: लस बनवता येते म्हणजे औषधांची ददात मिटली, असं नाही. अलीकडच्या आर्थिक संकटात तिथे साध्या गोळ्यांचाही तुटवडा आहे, आणि अब्दालाला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता मिळाली नाही.