चेटकिणींना पूर्वज ठरवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझा खर्डा सावकाश वाचला. पेगन धर्मांवर, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातले देव मानणाऱ्या धर्मांवर, मराठीत कुणी मनापासून लिहायला घेतंय, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच दुसऱ्या पानावरचं ते वाक्य खटकलं. तू लिहिलंयस की युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या बायका जुन्या पेगन धर्माच्या उपासक होत्या आणि आजचा विक्का, म्हणजे देव-देवीची उपासना आणि मंत्रतंत्र करणारा पेगन पंथ, हा त्यांचा जिवंत राहिलेला वारसा आहे. हे वाक्य काढून टाक. त्याला पुरावा नाही, आणि त्या मेलेल्या माणसांवरही त्याने अन्याय होतो.

ही कल्पना फार जुनी नाही. मार्गारेट मरे या लंडनच्या इजिप्ततज्ज्ञ बाईंनी १९२१ साली ती पुस्तकातून जोरकसपणे मांडली. खटल्यांच्या कागदपत्रांतून सोयीचे तुकडे उचलून त्यांनी एक अखंड गुप्त धर्म उभा केला. पुढच्या इतिहासकारांनी मूळ कागद तपासले तेव्हा तो डोलारा टिकला नाही. पण तोवर विक्का रुजवणारे जेराल्ड गार्डनर यांनी तो उचलला होता. मलायातल्या कस्टम्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेला हा गृहस्थ. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका जुन्या मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, असं ते सांगत. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, मरेबाईंच्याच प्रस्तावनेसह. पेगन श्रद्धा आणि चेटूक यांची आज आपल्याला दिसते ती गाठ तिथे पक्की बसली.

आता मारल्या गेलेल्या माणसांकडे बघ. एकच खटला नीट वाच: इंग्लंडच्या लँकेशरमधल्या पेंडलचा, १६१२ चा. अ‍ॅलिझन डिव्हाइस ही गरीब घरातली मुलगी रस्त्यात जॉन लॉ नावाच्या फेरीवाल्याकडे टाचण्या मागते. तो गाठोडं सोडायला तयार होत नाही. थोड्याच वेळात तो कोसळतो, अंगाची एक बाजू लुळी पडते, बोलणं अडखळतं. आज आपण याला पक्षाघात म्हणू. पण आपल्याच रागाने हे झालं असं त्या मुलीला खरोखर वाटलं. तिने कबुली दिली, त्याची क्षमाही मागितली. पुढे ऑगस्टमध्ये लँकेस्टरच्या कोर्टात तिच्या सुमारे नऊ वर्षांच्या बहिणीला, जेनेटला, साक्ष द्यायला उभं केलं, तीही सख्ख्या आईविरुद्ध आणि भावाविरुद्ध. आई, भाऊ आणि अ‍ॅलिझन तिघेही फासावर गेले. पेंडल प्रकरणात एकूण दहा जणांना फाशी झाली.

जेनेटने कोर्टात घरचा एक मंत्र म्हणून दाखवला, तो नोंदीत आहे. त्यात विक्कात पुजतात त्या शिंगवाल्या देवाचं नाव नाही, चंद्रदेवी नाही. आहे तो गुड फ्रायडेचा उपवास, चर्चची घंटा, प्रभू येशू. ही माणसं ख्रिस्ती होती, गावठी आणि जुन्या कॅथलिक वळणाची, पण ख्रिस्तीच. गावोगाव जडीबुटी देणारे, हरवलेली वस्तू शोधून देणारे, दृष्ट काढणारे लोकही बहुतेक तसेच. ते स्वतःला चेटकीण म्हणवत नसत. उलट कुणी चेटूक केलं असेल तर ते उतरवून द्यायचे.

आकड्यांबाबतही जपून. ‘नव्वद लाख’ मारले गेले, ही अठराव्या शतकातल्या एका जर्मन लेखकाच्या ढोबळ हिशेबातून फुगलेली गोष्ट आहे. इतिहासकार आज साधारण चाळीस ते साठ हजार मृत्युदंड मानतात, आणि त्यांत पुरुषही होते. इंग्लंडमध्ये चेटकासाठी फाशी देत, जाळत नसत.

दुसऱ्या टोकालाही तुझी गल्लत झाली आहे. सगळे पेगन चेटूक करत नाहीत. आइसलंडमध्ये १९७२ साली ओडिन-थॉर या जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांची संस्था निघाली, दुसऱ्याच वर्षी तिला सरकारमान्यता मिळाली. त्या लोकांना चेटकीण म्हणून बघ, काय उत्तर मिळतं ते. प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव लावणाऱ्या आजच्या ड्रुइडांचंही तेच. उलट मंत्रतंत्र करणारे काही जण कुठलाच देव मानत नाहीत, काही चर्चलाही जातात. विक्कामध्ये मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला सगळं एकच वाटतं.

मराठी वाचकाचं एक वेगळंच आहे. तुझा लेख वाचताना त्याच्या मनात नंदुरबारकडची डाकीण येणार. घरात आजारपण, कुठे जमिनीचा वाद, की एखाद्या बाईकडे बोट दाखवलं जातं. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा छळालाही आळा घालण्यासाठी. ती बाई जीव तोडून ‘मी नाही’ म्हणत असते. इंग्लंडच्या ब्रिस्टलमधली विक्कन बाई अभिमानाने ‘मी आहे’ म्हणते. दोघींना एका परिच्छेदात बसवू नकोस. अ‍ॅलिझनसारखी बाई आज शोधायची तर ती सातपुड्यात सापडेल.

यामुळे विक्का खोटा ठरतो असं मात्र लिहू नकोस. धर्म नवा असला म्हणून उपासना खोटी होत नाही. गार्डनरांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंट यांचं उदाहरण बघ. १९५३ साली दीक्षा घेतल्यावर त्यांना कळलं की गार्डनरांच्या विधीपाठात अ‍ॅलिस्टर क्रोली या गूढविद्येच्या इंग्रज लेखकाच्या ओळी घुसल्या आहेत. त्यांनी तोंडावर तसं विचारलं आणि देवीच्या तोंडचं आवाहन स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहिलं. आजही तेच सगळीकडे म्हटलं जातं. पुढे गार्डनरांच्या दीक्षेच्या गोष्टीतलं खरं किती, हे शोधायला त्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदीही धुंडाळल्या. श्रद्धा ठेवून कागद तपासणारी ही बाई तुझ्या खर्ड्यात एका ओळीत उरकली आहे. मरेबाईंचा भाग अर्ध्यावर आण, ती जागा व्हॅलिएंटबाईंना दे आणि पेंडलचा खटला आधी घे. दिवाळीआधी नवा खर्डा पाठव, मी वाट पाहतो.