बळी दिला की पाप फिटतं का?

प्रश्न: बायबलच्या जुन्या करारात पाप माणसाचं आणि जीव जातो बकऱ्याचा, हे मला कधीच पटलं नाही. शिवाय बळी देऊन मोकळं होता येतं म्हटल्यावर लोकं बिनधास्त पापं करत नसतील का? – एक वाचक, वसई

उत्तर: बकऱ्याचा दोष नसतो हे अगदी खरंय, आणि तुम्हाला त्याचा त्रास होतो हे मला बरंच वाटतं. पण बिनधास्तपणाचं म्हणाल तर जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक नीट वाचा. चौथ्या अध्यायातली पापार्पणं नकळत झालेल्या चुकांसाठी आहेत. मुद्दाम शेजाऱ्याला फसवलं, ठेव गिळली, सापडलेली वस्तू लपवून वर खोटी शपथ घेतली तर सहावा अध्याय काय म्हणतो, सगळं परत करा आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्या, म्हणजे १०० बुडवले असतील तर १२० त्या माणसाच्या हातात ठेवा, आणि मग दोषार्पणाचा मेंढा घेऊन याजकाकडे, म्हणजे पुजाऱ्याकडे जा. नुसता मेंढा नेऊन भागत नाही! आणि पाचव्या अध्यायात तर मेंढरू परवडत नसेल त्याला दोन होले चालतात, तेही जमत नसेल तर थोडं पीठ, म्हणजे रक्त सांडल्याशिवायही क्षमा आहेच की.

मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती सोळाव्या अध्यायातली. प्रायश्चित्ताच्या दिवशी खुद्द अहरोन, एवढा महायाजक, त्याला आधी स्वतःच्या आणि घरच्यांच्या पापासाठी गोऱ्हा द्यावा लागतो, मगच लोकांसाठीचे दोन बकरे. एकाचा बळी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांची पापं मोठ्याने कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. चारचौघांत कबुली द्यायची म्हणजे सोपं नाहीये ते.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं ज्यूंचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. प्रायश्चित्त नाही थांबलं. प्रार्थना, पश्चात्ताप, दानधर्म यांवर भर आला. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यूही प्रायश्चित्ताच्या दिवशी कडक उपास करतात, बकरा नाही कापत. आणि मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, स्पष्टच सांगितलंय, देवाविरुद्धचं पाप या दिवशी फिटतं, पण माणसाचं वाईट केलं असेल तर आधी त्या माणसाची समजूत काढा, तोवर तो दिवससुद्धा काही करू शकत नाही.