उजेडाची खोली आणि टीव्हीचा पडदा
प्रश्न : नवा टीव्ही घ्यायचा आहे. ओएलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी यांपैकी काय निवडावे? आमच्या बैठकीच्या खोलीत दिवसभर भरपूर उजेड असतो आणि बातम्यांची वाहिनी तासन्‌तास सुरू असते.

उत्तर : प्रथम नावांचा घोळ दूर करू. क्यूएलईडी आणि मिनी एलईडी हे दोन्ही मुळात एलसीडी पडदेच असून त्यांना मागून प्रकाश द्यावा लागतो. क्यूएलईडीमध्ये क्वांटम डॉट या अतिसूक्ष्म कणांच्या थरामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात, तर मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे अतिशय लहान व संख्येने पुष्कळ असल्याने पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करता येतो. ओएलईडीत मात्र प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो. अंधाऱ्या खोलीत रात्रीच्या आकाशाचे दृश्य पाहिले, की हा फरक लगेच कळतो : एलसीडीवर चंद्राभोवती फिकट वलय पसरते, ओएलईडीवर ते नसते.

तरीही तुमच्यासाठी मी मिनी एलईडीच सुचवेन. तो अधिक प्रखर असल्याने उजेडात चित्र फिके पडत नाही. शिवाय वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची बातम्यांची पट्टी एकाच जागी सतत राहिल्यास ओएलईडीच्या त्या भागातील बिंदू असमान झिजून कायमचा डाग उमटू शकतो. नव्या संचांत त्यावर उपाय असतात, पण धोका पूर्णपणे टळत नाही. दुकानातील झगमगत्या चित्रफितीवर मात्र विसंबू नका. तिथे प्रखरता मुद्दाम वाढवलेली असते.